जुनं ग्रंथालय, नवं संग्रहालय : मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्ट, काळा घोडा आणि दादर भागात मी मराठीतून वारसा फेऱ्या घेतो. ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीसमोर लोक थांबले की प्रश्न ठरलेले असतात. आत हल्ली कोण वाचतं? याचं म्युझियम का करत नाहीत? केलं तर पुस्तकांचं काय? तोंडी उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून ती इथे लिहून ठेवतो आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणाला गाफील पकडल्यासारखं वाटायला नको. ग्रंथालयाच्या इमारतीत संग्रहालय यायला माझी हरकत नाही. वाचकाला उठवून त्याच्या जागी यायला आहे.

मुंबईत ग्रंथालयाचं संग्रहालय झालेली एखादी इमारत आहे का?

फोर्टातली मोठी नावं बघितली तर नाही. टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, काळ्या घोड्याचं डेव्हिड ससून, दादाभाई नौरोजी रोडवरचं जे. एन. पेटिट, राजाबाई टॉवरखालचं विद्यापीठाचं ग्रंथालय, ही सगळी अजून ग्रंथालयंच आहेत.

पण दादरला, हिंदू कॉलनीत या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘राजगृह’ बांधलं, तेव्हा मनात पहिला विचार ग्रंथांचा होता. आधीच्या जागेत पुस्तकं मावेनाशी झाली होती. घराचा आराखडाच ग्रंथसंग्रह डोळ्यांपुढे ठेवून झाला. संग्रह पुढे पन्नास हजारांच्या घरात गेला असं सांगतात. खासगी माणसाचं घर म्हणून त्याची नोंद झाली असली, तरी वापराने ते ग्रंथालयच होतं आणि मालक त्यात राहत होता असं म्हणणं जास्त बरोबर. आज त्याच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आणि छायाचित्रं तिथे बघता येतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली माणसं तिथून राजगृहाकडेही वळतात.

फेरीतले लोक तिथे एकच गोष्ट विचारतात : मग ती पुस्तकं कुठे आहेत? त्यातले बरेच ग्रंथ फोर्टात, सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. बाबासाहेबांनी १९४५मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं हे महाविद्यालय. ग्रंथ विद्यार्थ्यांकडे गेले आणि घर अभ्यागतांकडे राहिलं. विचार केला तर वाटणी वाईट नाही. तरी ज्या घराच्या भिंती पुस्तकांसाठी उभ्या राहिल्या, तिथे उभं राहून पुस्तकांचा पत्ता विचारावा लागतो, हे खटकतंच.

ग्रंथालय नसलेल्या, पण सार्वजनिक वापराच्या इमारतीचं असं झालंय का?

झालंय, आणि ते उदाहरण सगळ्यांनी बघावं असं आहे. रीगल सिनेमासमोरचा सर कावसजी जहांगीर हॉल १९११चा, वास्तुकार जॉर्ज विटेट. सभा, मैफली, प्रदर्शनं असं सगळं तिथे व्हायचं. १९९६मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. बाहेरचं दगडी रूप तसंच ठेवलं आणि आतल्या उंच पोकळीत एकावर एक दालनं बसवली. जिन्याने चढत चढत थेट घुमटाखालच्या दालनापर्यंत जाता येतं.

दालन म्हणून ते मला आवडतं. पण हॉल म्हणून ती इमारत संपली. एका खोलीत शेकडो माणसं एकत्र बसण्याची सोय गेली, आणि माणसं एकेकटी, हळू चालत, कुजबुजत फिरू लागली. ग्रंथालयाबाबत हा बदल इतका उठून दिसणार नाही, कारण तिथे शांतता आधीपासूनच असते. म्हणूनच तो जास्त सहज खपून जातो.

ग्रंथालयाची इमारत संग्रहालयाला सोयीची असते का?

वजनाच्या हिशेबाने असते. पुस्तक ही भयंकर जड वस्तू आहे. ज्याने ग्रंथालयाचं स्थलांतर केलंय त्याच्या कमरेला विचारा. भारतीय मानकांनुसार पुस्तकांच्या रॅक असलेल्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण ६०० किलो भार पेलेल अशी धरतात, रॅक उंच असतील तर त्याहून जास्त. संग्रहालयाच्या दालनाला साधारण ४०० किलो पुरतात. म्हणजे जिथे रॅक होत्या तिथे मूर्ती आणि काचेची कपाटं ठेवायला सहसा अडचण येत नाही. अडचण वाचन दालनात येते. तिथली जमीन टेबलं-खुर्च्या आणि बसलेली माणसं एवढ्याच हिशेबाची असते. तिथे दीड टनाचा पाषाण आणून ठेवायचा तर आधी खालच्या सागवानी तुळया उघडून बघाव्या लागतात. मुंबईत तुळई वरून धडधाकट दिसते, पण भिंतीत शिरणारं तिचं टोक ओलीने पोखरलेलं असू शकतं. तपासणी तिथूनच सुरू करायची असते.

उजेडाच्या हिशेबाने मात्र ही इमारत संग्रहालयाच्या मुळावर उठते. जुनी वाचनालयं विजेच्या आधीची. वास्तुकाराची सगळी बुद्धी टेबलावर दिवसाचा उजेड कसा पडेल यात खर्च झालेली. उंच खिडक्या, वर झडपा, उत्तरेचा प्रकाश. वाचायला ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड बरा पडतो. हस्तलिखितं, जलरंग, जुनी वस्त्रं यांच्यासाठी मर्यादा ५० लक्सच्या आसपास धरतात, आणि पडलेला उजेड कागद विसरत नाही, तो साठत जातो. वाचकासाठी जे चांगलं, तेच कागदासाठी वाईट. मग खिडक्यांवर प्लायवुड ठोकतात, वर काळा पडदा, आत स्पॉटलाइट. इमारत आंधळी होते. अशा दालनात गेलं की मी आधी खिडक्या शोधतो. सापडल्या नाहीत तर वास्तुकाराने मुद्दाम ठेवलेली गोष्टच आपण बुजवून टाकली असं समजायचं.

यावर उपाय आहेत. अतिनील किरण अडवणारी फिल्म, बाहेरच्या झडपांची दुरुस्ती. त्याहून सोपा उपाय म्हणजे खिडकीजवळ दगड, धातू, मातीच्या वस्तू ठेवायच्या आणि कागद आतल्या बाजूला. हे कळायला सल्लागार लागत नाही, पण पैसे असले की सल्लागार आधी येतो.

पावसाळ्याचं काय?

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत ८५ टक्क्यांवर आर्द्रता सहज असते. कागदाला ५०च्या आसपास, आणि मुख्य म्हणजे स्थिर, हवी असते. म्हणून लोक एसी लावतात आणि संध्याकाळी वीज वाचवायला बंद करतात. हा सगळ्यात वाईट प्रकार. दिवसभर गार झालेल्या भिंतीवर रात्री दमट हवा बसते, पाणी धरतं, आणि चुन्याच्या गिलाव्यावर आधी कोणी सिमेंट किंवा ऑइलपेंट फासलेला असेल तर ती ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही. मग पोपडे, मग बुरशी, मग वाळवी. एसी लावायचा तर चोवीस तास, नाहीतर पंखे आणि हवेशीर खिडक्या बऱ्या. वस्तूसाठी बंद काचपेटीत छोटं वातावरण सांभाळणं अख्खी इमारत गार करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

छपराबद्दल एक उदाहरण. डेव्हिड ससून ग्रंथालयाची १८७०ची इमारत. तिचं मूळचं उतरतं छप्पर मधल्या काळात काढून वर काँक्रीटचा सपाट स्लॅब घातला होता. २०२३मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तो स्लॅब काढून छप्पर पुन्हा उतरतं केलं. मुंबईच्या पावसाला उतार लागतो, हे एकोणिसाव्या शतकातल्या गवंड्याला माहीत होतं. एवढं काम होऊन आत ग्रंथालयच राहिलं, हे मला विशेष वाटतं.

परवानगी कोण देतं? ट्रस्टींच्या मनात आलं की झालं?

नाही. मुंबईत १९९५पासून वारसा नियमावली आहे. अशी नियमावली करणारं हे देशातलं पहिलं शहर. इमारतींच्या श्रेणी १, २ अ, २ ब आणि ३ अशा आहेत. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर कुठेही हात लावायचा तर तो अत्यावश्यक आणि कमीत कमी असावा लागतो. प्रकरण मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे जातं. शिवाय ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळालाय. त्या हद्दीत असाल तर डोळे आणखी जास्त.

लोक विसरतात तो भाग वेगळाच आहे. बहुतेक जुनी ग्रंथालयं सार्वजनिक न्यास आहेत. महाराष्ट्रातल्या न्यास कायद्याप्रमाणे इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. विकायची तर लागतेच. न्यासाच्या घटनेत उद्दिष्ट ‘वाचनालय चालवणे’ असं लिहिलं असेल तर संग्रहालयासाठी ते उद्दिष्टही रीतसर बदलून घ्यावं लागतं. आणि १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मिळणारं अनुदान अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे ग्रंथालय चालवण्यासाठी असतं, काचपेट्यांसाठी नव्हे.

एशियाटिकच्या पायऱ्यांवर सगळे फोटो काढतात. ते म्युझियमच आहे ना?

नाही, पण तुमचा गैरसमज समजण्यासारखा आहे. समोर डोरिक खांबांची रांग, तीस पायऱ्या, आत गेल्या गेल्या संगमरवरी पुतळे. त्यात आपले नाना शंकरशेटही आहेत. कर्नल थॉमस कूपर यांच्या आराखड्याचा हा टाऊन हॉल १८३३मध्ये पूर्ण झाला. विलायतेहून आलेले खांब इतके अवाढव्य निघाले की काही भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला देऊन टाकले, असं सांगतात. सोसायटीची सुरुवात त्याही आधीची, १८०४ची, लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे या नावाने.

ग्रंथालय आणि संग्रहालय यांची सीमा किती पुसट असते ते इथे कळतं. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप उकलला. आतल्या करंड्यात भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धांच्या लहान मूर्ती निघाल्या. ते अवशेष आले या सोसायटीकडे, म्हणजे एका ग्रंथालयाकडे. अकबराची सोन्याची मोहर इथली, आणि दान्तेच्या महाकाव्याचं सचित्र हस्तलिखितही इथलंच. सोसायटीजवळच्या पुरावस्तूंचा मोठा भाग पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, मूळ संग्रहात गेला. वस्तू हलल्या, पुस्तकं आणि वाचक जागेवर राहिले. शंभर वर्षांपूर्वी मुंबईने हा प्रश्न असा सोडवला होता, आणि मला तो अजूनही सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो.

टाऊन हॉलच्या याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकांनी नव्या पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांना पाठवायची असते, त्यांत मुंबईचं स्थान आहे. कोलकाता, चेन्नई आणि दिल्ली ही बाकीची. म्हणजे इथे पुस्तकं येणं थांबत नाही. ‘जुनी पुस्तकं हलवा आणि म्युझियम करा’ म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

परदेशात तर असं सर्रास होतं?

होतं, आणि सगळं गोड होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं १९१७चं मुख्य ग्रंथालय २००३मध्ये एशियन आर्ट म्युझियम झालं. काम केलं गाए औलेंती यांनी, पॅरिसचं ऑर्से रेल्वे स्थानक संग्रहालयात बदलणाऱ्या वास्तुकार. तिथे ग्रंथालयासाठी नवी इमारत आधी उभी राहिली, मग जुनी रिकामी झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. तरीही भिंतींवरची पियाझोनी यांची निसर्गचित्रं काढावीच लागली, आणि त्यावरून शहरात भांडण झालं. ती आता दुसऱ्या संग्रहालयात आहेत.

वॉशिंग्टनचं कार्नेगी ग्रंथालय १९०३चं. तिथे २००३मध्ये शहराचं संग्रहालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी बंद पडलं. लोक फिरकले नाहीत. २०१९पासून तिथे अॅपलचं दुकान आहे, आणि शहराच्या इतिहासाचं केंद्र वरच्या मजल्यावर. नवं संग्रहालय उघडणं सोपं. दहाव्या वर्षी वीजबिल कोण भरणार, हा खरा प्रश्न.

सिंगापूरची गोष्ट ऐकून फेरीतले लोक गप्प होतात. १८८७च्या एकाच इमारतीत रॅफल्स ग्रंथालय आणि संग्रहालय दोन्ही होतं. १९६०मध्ये ग्रंथालय शेजारच्या नव्या इमारतीत गेलं. जुन्या वास्तूत संग्रहालय राहिलं आणि आज ते राष्ट्रीय संग्रहालय म्हणून दिमाखात उभं आहे. वेगळ्या झालेल्या ग्रंथालयाची इमारत मात्र पुढे बोगद्याच्या रस्त्यासाठी पाडली, लोकांनी विरोध करूनही.

पण ग्रंथालयात वाचक उरलेत कुठे?

कथा-कादंबऱ्यांची देवघेव रोडावली, हे खरं. पण सकाळी दार उघडायच्या आधी बाहेर कोण उभं असतं ते जाऊन बघा. वर्तमानपत्र विभागातले ज्येष्ठ नागरिक, आणि अभ्यासिकेत जागा धरायला आलेली एमपीएससी-यूपीएससीची मुलं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे या मुलांना दिव्याखाली एक शांत टेबल मिळणं ही चैन नाही. ती मुलं पुस्तकं ‘इश्यू’ करत नाहीत, म्हणून नोंदवहीत दिसत नाहीत, आणि ठराव करताना ‘वाचकसंख्या घटली’ असं लिहायला सोपं जातं.

तिकीट ठेवावं का?

संग्रहालयाच्या भागाला ठेवा, वाचन दालनाला नको. गावदेवीच्या मणिभवनात तळमजल्यावर ग्रंथालय आहे आणि वर गांधीजींची खोली. बघणारे आणि वाचणारे एकाच दारातून येतात, कुणाचं कुणावाचून अडत नाही.

लिफ्ट, रॅम्प यांनी इमारत विद्रूप होत नाही का?

चुकीच्या जागी लावली तर होते. मागच्या चौकात, भिंतीला न चिकटणारी स्वतंत्र लिफ्ट उभी करता येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर हा विषय सौंदर्याच्या वादातून बाहेर आलाय. तीस पायऱ्या कितीही देखण्या असल्या तरी ज्यांना चढता येत नाहीत त्यांच्यासाठी ती भिंतच.

आमच्या विभागातलं वाचनालय शंभरी गाठतंय. आम्हीही छोटं संग्रहालय करू का?

करा, पण एका कपाटापासून. तुमच्याकडे जे आहे ते मोठ्या संग्रहालयाकडे नाही. पहिली दाखल नोंदवही, बोरूच्या वळणाची अक्षरं, बदलत गेलेले शिक्के, वर्गणीच्या पावत्या, बांधून ठेवलेली मासिकं, वार्षिक सभेची इतिवृत्तं. एका जुन्या नोंदवहीत मी देणगीदारांच्या यादीत गिरणीतल्या एका खात्याचं नाव पाहिलं होतं : माणसाचं नाही, अख्ख्या खात्याने मिळून दिलेली पुस्तकं. त्या एका ओळीवर एक भिंत भरेल.

दोन गोष्टी सांभाळा. निर्लेखन करताना, म्हणजे पुस्तकं नोंदीतून कमी करताना, ‘जीर्ण’ म्हणून बाजूला काढलेला ढीग रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी जुनं पुस्तक ओळखणाऱ्या कुणाला तरी दाखवा. आणि मूळ कागद काचेत कायमचा लावू नका. काही महिन्यांनी पान उलटा किंवा प्रत लावून मूळ आत ठेवा. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. सेलोटेपही नको.

आणखी एक, थोडं कटू. ‘पुनर्विकासात तळमजल्यावर म्युझियम देतो’ असं कुणी म्हणत असेल तर आधी क्षेत्रफळ, मालकी आणि देखभालीचा खर्च कागदावर घ्या. दुसऱ्याच्या घरात संग्रहालय मांडलं की काय होतं, हे मुंबईने फार आधी पाहिलंय. आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा मूळ संग्रह फोर्टातल्या टाऊन बराकीत होता. १८५७मध्ये लष्कराला बराक परत हवी झाली आणि वस्तू खिडक्यांतून बाहेर फेकल्या गेल्या. पुढे भायखळ्याला स्वतःची इमारत मिळून १८७२मध्ये ते लोकांसाठी उघडलं, तेव्हा कुठे संग्रहाला थारा मिळाला.

मुलांना घेऊन एका दिवसात काय बघावं?

सोमवार आणि बुधवार टाळा. आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, भाऊ दाजी लाड बुधवारी. सकाळी टाऊन हॉलच्या पायऱ्या, मग चालत काळा घोडा. ससून ग्रंथालय बाहेरून नीट बघा : पिवळसर मालाड दगड, कमानी. मग आधुनिक कला संग्रहालय आणि दुपारी भायखळा. मुलं दमली नसतील तर दादरला उतरून राजगृह. आत मोठ्याने बोलू नका, वरच्या मजल्यावर कुटुंब राहतं. आणि कुठल्याही ग्रंथालयात शिरताना फोटो काढण्याआधी ग्रंथपालांना विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. वाचणाऱ्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारला तर मात्र तेच ग्रंथपाल तुम्हाला बाहेर काढतील, आणि मी मध्ये पडणार नाही.